थडगी फोडणाऱ्यांचे कौतुक करताना

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इजिप्तमधील पिरॅमिड आणि थडगी धुंडाळणाऱ्या जुन्या प्रवाशांवरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. या मंडळींना काय सापडले याचे त्यात साग्रसंगीत वर्णन आहे. त्यांच्या हातून काय कायमचे नाहीसे झाले, याचा मात्र उल्लेखही नाही. ती बाजू वाचकांपुढे यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लेखाचा नायक बेल्झोनी हा मूळचा रंगमंचावर ताकदीचे खेळ करणारा माणूस. 1817 मध्ये त्याने सेती पहिला या राजाचे थडगे शोधले आणि 1818 मध्ये खाफ्रेच्या पिरॅमिडात शिरून आतल्या भिंतीवर स्वतःचे नाव भल्यामोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. ते आजही तिथे आहे. थडग्यातील चित्रांच्या नकला त्याने कष्टाने करवून घेतल्या, हे मान्य करायलाच हवे. पण कुर्ना येथील भुयारांतून पुढे सरकताना पावलागणिक एखादी ममी पायाखाली चिरडली जात होती आणि आपल्याला हवे होते ते प्रेतांजवळचे पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे जुने लेख), हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. सुदानमधील मेरोए येथे 1834 मध्ये फेर्लिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने तर सोन्याच्या आशेने राणी अमानिशाखेतोचा पिरॅमिड शिखरापासून खाली उतरवत नेला. ते दागिने आज म्युनिक आणि बर्लिनच्या संग्रहालयांत पाहता येतात. पिरॅमिडाच्या जागी उरला आहे तो दगडांचा ढिगारा.

त्या काळी उत्खननाचे शास्त्रच नव्हते, असा बचाव नेहमी केला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे, आणि त्यासाठी इजिप्तपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी येथे डॉ. बर्ड यांनी 1839 मध्ये एक स्तूप उकरला. त्यात रक्षा असलेले तांब्याचे कलश, माणिक, मोती, सोन्याचे तुकडे आणि कोरीव लेख असलेले ताम्रपट मिळाले. ते ताम्रपट पुढे हरवले आणि आज अभ्यासकांना बर्ड यांनी छापलेल्या नकलेवरच विसंबावे लागते.

याउलट 1882 मध्ये पुरातत्त्व संशोधक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याजवळ, गावकरी ज्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत त्या टेकाडाचे उत्खनन केले. तिथे दगडी पेटीत तांब्याचा करंडक होता, त्याभोवती आठ ब्राँझ मूर्ती मांडलेल्या होत्या आणि करंडकात एकाच्या पोटात एक अशा चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या आणि शेवटी सोन्याच्या डब्या होत्या. सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत होती ती मातीच्या भिक्षापात्राची खापरे. काय कुठे होते याची भगवानलालांनी बारकाईने नोंद केली. त्या ठेव्यात सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे एक नाणेही मिळाले. धनाच्या मागे लागलेल्याच्या हाती ते पडते तर सराफाच्या मुशीत वितळले असते आणि ती खापरे कुणी उचललीही नसती. जागच्या जागी नोंदले गेल्यामुळे मात्र त्या नाण्याने सांगितले, की हा ठेवा यज्ञ सातकर्णीच्या आधीच्या काळातला असूच शकत नाही. सोपाऱ्याचा हा ठेवा आपल्याच शहरातील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

हे सारे तळमळीने लिहिण्याचे कारण म्हणजे आपल्या राज्यात गुप्तधनाच्या लोभाने जुने वाडे, गढ्या आणि समाध्या रातोरात खणण्याचे प्रकार आजही घडतात. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि धनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांवर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे. असे असताना थडगी फोडणाऱ्यांना नुसते ‘साहसवीर’ म्हणून गौरवले, तर वाचणाऱ्या मुलांच्या मनात चुकीचे आदर्श उभे राहतात.

आपणास दोन विनंत्या आहेत. यापुढे अशा शोधांवर लेख छापताना सापडलेली वस्तू आज कुठे आहे आणि ती काढताना कशाची नासधूस झाली, एवढी माहिती सोबत द्यावी. आणि भगवानलाल इंद्रजींच्या सोपाऱ्याच्या उत्खननावर, त्या करंडकांच्या छायाचित्रांसह, एखाद्या रविवारी पुरवणीचे पूर्ण पान द्यावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
मुलुंड, मुंबई