रविवारच्या प्रवचनांची मराठी : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मराठी ख्रिस्ती प्रवचनांच्या हस्तलिखितांचे जतन करणे व त्याची सुरुवात कोल्हापूर जिल्ह्यातून करणे.

महोदय,

सप्रेम नमस्कार. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून जुन्या पोथ्या आणि शिलालेख यांच्या जतनाची चर्चा ठिकठिकाणी चालू आहे. या चर्चेत ख्रिस्ती मराठीचा विषय निघालाच, तर तो ‘ख्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध मराठी काव्य रचणारे मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. भाषा गौरव दिनाच्या फलकावर ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही त्यांची ओळ रंगवली, की या परंपरेचे देणे फिटले असे आपण सर्वांनीच ठरवून टाकलेले दिसते. त्या ओळीनंतर चार शतकांचे लेखन झाले आहे आणि त्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रविवारच्या उपासनेत दिली गेलेली प्रवचने. मी स्वतः ख्रिस्ती नाही; मराठी शिकवण्यात आयुष्य गेले आणि त्याच नात्याने हे पत्र लिहीत आहे.

ख्रिस्तपुराणाचीच हकिगत आधी पाहावी. १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापलेल्या या ग्रंथाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या; परंतु या तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम काढला. असे असूनही जवळपास अकरा हजार ओव्यांचे हे पुराण १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापता आले, कारण भाविकांनी त्याच्या हस्तलिखित प्रती करून ठेवल्या होत्या. छापखाना आणि राजसत्ता या दोन्हींकडून जे टिकले नाही, ते घरोघरच्या वह्यांनी टिकवले.

प्रवचनाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण ते मुळात बोललेले वाङ्मय असते आणि कोणी उतरवून घेतले तरच उरते. संत ऑगस्टीन (३५४–४३०) उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो येथे बोलत असताना लघुलेखक ते टिपून घेत, म्हणून त्यांची शेकडो प्रवचने आज वाचता येतात. शिवाय १९९० च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झ शहराच्या ग्रंथालयातील एका जुन्या हस्तलिखितात त्यांची आणखी सव्वीस प्रवचने ओळखली गेली, ज्यांतली काही अजिबात ठाऊक नव्हती तर काहींचे केवळ तुकडे ठाऊक होते. मला त्याहून मोलाचे वाटणारे उदाहरण इटलीतल्या सिएना शहराचे आहे. १४२७ साली तिथल्या भर चौकात संत बर्नार्डिनो यांनी दिलेली पंचेचाळीस प्रवचने कापड कातरण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका कारागिराने मेणाच्या पाट्यांवर टिपली आणि मग कागदावर उतरवली. वक्त्याचे मध्येच थांबणे, गर्दीतल्या कोणाला तरी दटावणे, हे सारे त्याने जसेच्या तसे ठेवले, आणि पंधराव्या शतकातली बोलती इटालियन अभ्यासण्यासाठी भाषाशास्त्रज्ञ आज त्या कारागिराकडे जातात.

आपल्याकडे असा कारागीर झाला की नाही, हे पाहिल्याशिवाय कसे कळणार? छापील लेखनाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. विल्यम कॅरी यांनी बंगालमधील श्रीरामपूरला छापलेली मराठी पुस्तके, १८४२ मध्ये अहमदनगरला निघालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, बाबा पदमनजी यांचे लेखन, रेव्हरंड टिळकांची भजने, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर, यांतले पुष्कळसे कोणत्या ना कोणत्या ग्रंथालयात सापडते. पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मोपदेशकांच्या, वह्या मात्र कोणत्याच सूचीत नाहीत.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून या परिसरात मराठीतून ख्रिस्ती उपदेश होत आला आहे. कोल्हापूर, कोडोली, मिरज, सांगली या पट्ट्यातील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत आजोबा-पणजोबांच्या संदेशाच्या, म्हणजे प्रवचनांच्या, वह्या अजूनही आहेत. मला पाहायला मिळालेल्या काही वह्यांत वरच्या कोपऱ्यात तारीख आणि गावाचे नाव, खाली शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, मग मुद्दे आणि कुठे कुठे सबंध प्रवचन अशी मांडणी आहे. ऐकणारी मंडळी शेतात राबणारी, पुष्कळशी निरक्षर. त्यामुळे बायबलमधील पौलाच्या पत्रांतले अवघड विवेचनही उसाची लावण, सावकाराचे खाते आणि माहेरी आलेली लेक यांच्या आधाराने समजावलेले असते. पुण्या-मुंबईच्या ग्रांथिक गद्यात जे शब्द शिरकाव करू शकले नाहीत, ते या पानांवर सहज भेटतात. क्रियापदांची रूपे तर अशी अस्सल या भागातली आहेत, की त्यांवर एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध सहज उभा राहील.

धार्मिक साहित्यासाठी सरकारी पैसा का खर्चावा, असा आक्षेप येईल. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तुकारामबोवांची गाथा सरकारी खर्चाने छापली, ती मराठी भाषेची ठेव म्हणूनच. तोच न्याय इथे लावावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी लेखनात हिंदू धर्मावर कठोर, प्रसंगी अन्यायकारक टीका आहे. तिला तेव्हाच सडेतोड उत्तरेही मिळाली: मोरभट दांडेकर यांनी १८३१ मध्ये, तर विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर जाहीर वाद करून. मराठीतील धर्मविषयक वादाची घडण या दोन्ही बाजूंनी मिळून केली. एका बाजूचे कागद वाळवीच्या स्वाधीन केले, तर दुसरी बाजू कोणाला उत्तर देत होती हेही उद्याच्या वाचकाला कळणार नाही.

माझी मागणी मोठ्या निधीची नाही. राज्य मराठी विकास संस्थेने शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या सहकार्याने प्रथम कोल्हापूर जिल्ह्यातील अशा हस्तलिखितांची सूची करावी आणि त्यांच्या उत्तम प्रतिमा काढून ठेवाव्यात. मूळ वह्या त्या त्या मंडळीकडे (म्हणजे स्थानिक चर्चकडे) वा कुटुंबाकडेच राहाव्यात आणि तसे लेखी आश्वासन पहिल्याच भेटीत द्यावे. हा मुद्दा मी मुद्दाम ठळकपणे मांडतो, कारण ‘संशोधनासाठी’ म्हणून नेलेले कागद परत न आल्याच्या कथा प्रत्येक गावात आहेत आणि धर्मांतराच्या प्रश्नावरून वातावरण तापलेले असताना दारात आलेल्या सरकारी माणसाकडे ही कुटुंबे धास्तीनेच पाहतील. म्हणून या कामात स्थानिक पाळक आणि वडीलधारी मंडळी पहिल्या दिवसापासून सोबत असावीत. मोडीत लिहिलेले काही मिळाले, तर वाचणारे जाणकार कोल्हापुरात आहेत. पुराभिलेखागार कार्यालयामुळे ती विद्या इथे अजून जिवंत आहे. वृद्ध पाळकांच्या मुलाखतीही याच वेळी ध्वनिमुद्रित कराव्यात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा किती घरांतले जुने कागद गेले याची मोजदाद कोणी केली नाही. निदान सूचीचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावे आणि त्यासाठी आपल्या विभागाने संस्था, विद्यापीठ व मंडळ्यांचे प्रतिनिधी यांची एक बैठक कोल्हापुरातच बोलवावी, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
कोल्हापूर