वजनकाट्याची धास्ती घालवणाऱ्या आहारतज्ज्ञ ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीए१सी चाचणीचा अहवाल परवा हाती आला आणि तो आपल्याला दूरध्वनीवरून कळवताना मला धड बोलताही आले नाही. ५.७ ते ६.४ टक्के हा मधुमेहपूर्व अवस्थेचा पट्टा मानतात. त्याच्या अगदी वरच्या टोकाला अडकून बसलेला माझा आकडा या वेळी चांगलाच खाली आला आहे. ही चाचणी मागच्या दोन ते तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देते, त्यामुळे सणासुदीची सगळी सुट्टी, त्यातल्या मेजवान्या, पाहुणे, प्रवास आणि जागरणे त्यात जमेस धरलेली आहेत. त्या दिवशी जे बोलायचे राहिले ते आता लिहिते आहे. जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, वजनाचा विषय निघेल या भीतीने दवाखान्याची पायरीच न चढणारी माणसे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. शिवाय वाईट अनुभव आपण सगळेच कोणी न विचारता सांगत असतो, तर चांगला अनुभव मनात ठेवून घेण्यात काही अर्थ नाही.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी जिथे जात असे, तिथे वजनकाटा येण्याजाण्याच्या वाटेवर, बसलेल्या रुग्णांच्या समोर ठेवलेला होता. मदतनीस वजन पाहत आणि तो आकडा पलीकडे नोंदी करणाऱ्या व्यक्तीला ऐकू जावा म्हणून मोठ्याने पुकारत. बसलेल्यांपैकी दोघे-चौघे वर बघत आणि मग फार काळजीपूर्वक दुसरीकडे बघू लागत. आत गेल्यावर डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न हलवता सांगितलेले वाक्य मला अजून पाठ आहे: "वजन उतरवा, गोड बंद, तळलेले बंद, तीन महिन्यांनी दाखवा." सोबत मिळालेल्या छापील कागदावर वर्षाचे सगळे दिवस सारखे होते. घरी पाहुणे येतात, लग्नकार्ये असतात, मुले सुट्टीला येतात, याचा त्या कागदाला पत्ताच नव्हता. त्यानंतर वजन घटवण्याची हमी देणाऱ्या एका सल्लागारांनी जेवणाऐवजी पावडर घ्यायला सांगितली आणि पहिल्याच भेटीत डबे पुढे सरकवले. आप्तांविषयी काय लिहावे? "सणाचा दिवस आहे, एवढ्याने काय होतंय," असे म्हणत ताटात आग्रहाने वाढणारी व्यक्तीच हात धुता धुता "जरा सुटलीस हं या वर्षी" असेही ऐकवते, आणि या दोन्ही गोष्टी ती प्रेमानेच करत असते.

आपल्याकडील पहिल्या भेटीत आपण काय केले, हे कदाचित आपल्या लक्षातही नसेल. काटा खोलीतच, कोपऱ्यात होता. आपण खुर्चीवरून उठलात, अर्धवट उघडे असलेले दार लावून घेतलेत आणि मला विचारलेत, "आज वजन करायचं का? नको असेल तर पुढच्या वेळी करू." मी होकार दिल्यावर चपला काढून, घड्याळ आणि पर्स बाजूला ठेवून मी काट्यावर उभी राहीपर्यंत आपण काही न बोलता थांबलात. आकडा स्थिरावल्यावर आपण तो स्वतःच्या हाताने लिहिलात, पण उच्चारला नाहीत. नंतर शांतपणे विचारलेत, "सांगू, की नुसता नोंदवून ठेवू?" मी सांगायला सांगितले, तेव्हा एखाद्याची उंची सांगावी तशा स्वरात आपण तो सांगितलात. भुवया उंचावल्या नाहीत, सुस्कारा सोडला नाही आणि धीर देण्यासाठी म्हणून जे खोटे हसू लोक हसतात तेही आपण हसला नाहीत. मग आपण पुढचा प्रश्न विचारलात, तो झोपेविषयी होता.

एवढेच. या एवढ्याशा गोष्टीमुळे पुढचे सारे शक्य झाले, असे मी अतिशयोक्ती न करता म्हणते. चारचौघांत पुकारल्या गेलेल्या आकड्यामुळे मला काट्याचीच धास्ती बसली होती आणि सुट्टी लागली की घरातला काटा कपाटामागे जात असे. आपण मात्र त्याच काट्याला कामाला लावलेत. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या, बर्मिंगहॅममधील संशोधकांच्या एका अभ्यासाविषयी आपण सांगितले होते. त्यात २७२ प्रौढांपैकी निम्म्यांना नाताळच्या काळात आठवड्यातून किमान दोनदा, शक्यतो रोज, वजन करून नोंद ठेवायला सांगितले, काही साध्या सवयी सांगितल्या आणि सणातील पदार्थांतून मिळणारी ऊर्जा खर्च करायला किती चालावे लागेल याचा तक्ता दिला. उरलेल्यांना केवळ निरोगी जीवनशैलीचे एक पत्रक दिले. सुट्टी संपल्यावर दोन्ही गटांच्या वजनात सरासरी सुमारे अर्ध्या किलोचा फरक पडला होता. अर्धा किलो ऐकून मला हसू आले होते. त्यावर आपण २००० सालच्या एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला दिलात: सुट्टीच्या काळात लोकांचे वजन सरासरी जेमतेम ०.३७ किलो वाढले, म्हणजे त्यांना स्वतःला वाटत होते त्याहून पुष्कळ कमी, पण ते पुढच्या वर्षभरात उतरले मात्र नाही. दरवर्षी थोडेसे चढते आणि तिथेच राहते, हे माझ्या स्वतःच्या जुन्या छायाचित्रांवरून मला तात्काळ पटले.

काट्याशी मैत्री झाली तरी त्याचे म्हणणे नीट समजून घ्यावे लागते, हेही आपणच शिकवलेत. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी काटा एकदम किलोभर जास्त दाखवतो, तेव्हा ती एका रात्रीत साठलेली चरबी नसते. खारट खाण्याने शरीरात पाणी धरले जाते आणि यकृतात व स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी येते. नेहमीचे जेवण सुरू झाले की काही दिवसांत ते आपोआप ओसरते. हे ठाऊक नसल्यामुळे पूर्वी मी दुसऱ्या दिवशी उपाशी राहत असे आणि संध्याकाळी त्याची व्याजासह परतफेड होत असे.

सुट्टीचे नियोजन करताना आपण पदार्थांची यादी मागितली नाहीत, दिनदर्शिका मागितलीत. ज्या जेवणांची मी खरोखर वाट पाहते त्यांवर मला गोल करायला लावलेत आणि त्या गोलांना आपण अजिबात हात लावला नाहीत. मी मोठ्या उत्साहाने गोल करत गेले, तरी पान बरेचसे कोरेच राहिले. सुट्टी म्हणून आपण जिला दोष देतो तिच्यातले बहुतेक दिवस साधेच असतात आणि त्या साध्या दिवसांत, सण आहे या नावाखाली, येता-जाता तोंडात टाकलेले खाणे जास्त असते, हे त्या पानावर मला स्पष्ट दिसले. गोलाच्या दिवशीही आपण दोनच गोष्टी सांगितल्यात. एक म्हणजे भुकेने कासावीस होऊन मेजवानीला जायचे नाही. दुसरी म्हणजे आधी भाज्या, कोशिंबीर आणि प्रथिनांचे पदार्थ, मग धान्याचे आणि शेवटी गोड, असा क्रम ठेवायचा, कारण त्याने जेवणानंतरची साखर तुलनेने कमी चढते. पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी गप्पा मारायच्या, हा आपला सल्ला तर आमच्या घरात इतका लोकप्रिय झाला की गप्पाच संपेनात.

आपण विचारलेला एक प्रश्न मला विशेष नोंदवावासा वाटतो, कारण तो इतरांपैकी कोणालाच सुचला नव्हता: "तुम्ही उभ्याने काय काय खाता?" ज्या घरात पाहुण्यांचे सगळे एकाच बाईकडे असते, तिथे चव पाहण्यासाठी म्हणून, मुलांच्या ताटात उरले म्हणून आणि टाकवत नाही म्हणून ती जे खाते, ते तिच्या स्वतःच्या हिशेबात कधी येतच नाही. आपण मला त्यासाठी दटावले नाहीत. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे, म्हणजे ते बाधतही नाही आणि नजरेसमोरही राहत नाही, आणि पाहुणे निघतानाच त्यांच्यासोबत डबे भरून द्यावेत, असे सुचवलेत. घरातल्या इतर मंडळींना आवराआवर वाटून द्या, हेही सांगितलेत. तो सल्ला आहारशास्त्रात बसतो की नाही मला माहीत नाही, परंतु त्याचा परिणाम सर्वांत आधी दिसला.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालायचे, हा नियम मात्र आपण गोलाच्या दिवशीही सोडू दिला नाहीत. चालताना स्नायू रक्तातील साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात, हे कारण कळल्यावर तो नियम मला जाचक वाटेनासा झाला. एकटीने जायचे नाही, पाहुण्यांनाही बरोबर न्यायचे, ही त्यातली आपली खास भर. गोड पेये पोट भरत नाहीत पण साखर देतात, मद्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सात कॅलरी असतात, दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे, गर्दीतून आल्यावर हात साबणाने वीस सेकंद धुवावेत, प्रवासात रक्तदाबाच्या गोळ्या सामानात न टाकता हाताशी ठेवाव्यात, हे आपण भराभर सांगून टाकलेत आणि मीही ते इथे तितक्याच भराभर लिहिते. माझ्या औषधांत मात्र आपण कोणताही फेरफार सुचवला नाहीत. तो प्रश्न डॉक्टरांचा आहे, असे स्वच्छ सांगितलेत आणि त्यांच्यासाठी चिठ्ठीही दिलीत.

"आता काय, होणार ते होणारच," असे मी एकदा म्हणाले होते. त्यावर आपण अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगाची माहिती दिलीत. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांचा त्यात समावेश होता. ज्यांनी वजन सात टक्के घटवण्याचे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, तर मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. सात टक्के म्हणजे माझ्या बाबतीत नेमके किती, हे आपण तिथल्या तिथे हिशेब करून दाखवलेत. तो आकडा इतका आवाक्यातला होता की, एवढी वर्षे मला अशक्य गोष्टच का मागितली जात होती, असा राग आला. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

लाज वाटली म्हणजे माणूस सुधारतो, असे मानणारे लोक सर्व क्षेत्रांत आहेत आणि त्यांतले बरेचसे हेतूने वाईट नसतात. तथापि वजनाच्या बाबतीत हा समज चुकीचा ठरलेला आहे. २०२० साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, लठ्ठपणावरून केली जाणारी हेटाळणी शरीराला आणि मनाला इजा करते आणि योग्य उपचार मिळण्याच्या आड येते, असे नमूद केले आहे. सभ्यतेला ना वेगळे शुल्क पडते ना वेगळे यंत्र लागते. दार लावायला काही क्षणच लागतात. ज्यांच्यासमोर रोज पन्नास रुग्ण येतात त्यांची दमछाक मला समजते, पण दिवसभर रुग्ण पाहून थकलेली माणसेही दार लावतात, हे मी आपल्याकडे पाहिले आहे. आपल्या मदतनीस बाईही प्रत्येकाला आत घेताना हळू आवाजात, जवळ येऊन बोलतात. ती शिस्त आपोआप आलेली नसणार.

आता एकच बाब उरली आहे. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, हे आपण समजावले होते, परंतु घरात पाहुणे असताना रात्री लवकर उठून जाणे मला अद्याप जमलेले नाही, कारण वर्षभराच्या गप्पा त्याच वेळी होतात. अहवालाची प्रत घेऊन पुढच्या आठवड्यात येते आहे; तेव्हा यावर काय करता येईल ते विचारायचे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली ऋणी,
आपल्याकडे येणारी एक रुग्ण