यीस्टला गरज कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत द्राक्षबागांतल्या तांब्याच्या फवारणीवर जो लेख आला, त्याबद्दल हे पत्र. यीस्टसारख्या विषयाला वर्तमानपत्रात अर्धं पान मिळतं हे चांगलंच. पण शेवटी लेखकाने सुतावरून स्वर्ग गाठला. विषाची चाहूल लागली की पेशी हवं ते जनुक हवं तसं बदलून घेते, सबब बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा) नाद सोडा, असा त्यांचा निष्कर्ष. ऐन ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर हे छापून आल्यावर निफाड-दिंडोरीकडच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू झाले. एकेकाला समजावत बसण्यापेक्षा म्हटलं आपल्यालाच लिहावं.

लेखातला अर्धा भाग खरा आहे. यीस्टमध्ये एखादं जनुक जोमाने चालू असेल, तर त्याच्या डीएनएला इजा होण्याचा आणि त्यात उत्परिवर्तन (म्हणजे जनुकाच्या मजकुरात बदल) होण्याचा संभव वाढतो. दत्ता आणि जिंक्स-रॉबर्टसन या संशोधकांनी हे १९९५ मध्ये दाखवलं. लायसीन हे अमिनो आम्ल बनवणारं जनुक ज्यात बिघडलेलं आहे, असं यीस्ट त्यांनी घेतलं आणि त्या जनुकापुढे अशी कळ बसवली, की गॅलॅक्टोज साखर दिली की जनुक चालू आणि ग्लुकोज दिलं की बंद. नंतर पेशी लायसीन नसलेल्या प्लेटवर पसरल्या. तिथे वाढणार त्या फक्त ज्यांचा बिघाड आपोआप दुरुस्त झालेला असेल त्याच. जनुक चालू असताना अशा पेशी कित्येक पटींनी जास्त निघाल्या. आता यातली मेख बघा. या पेशी आधी वाढल्या त्या लायसीनची ददात नसताना. म्हणजे गरज पडण्याआधीच बदल होऊन बसले होते. जिवाणूंबाबत हीच गोष्ट लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्येच दाखवली होती, आणि ती आजही टिकून आहे.

मग जनुक चालू असण्याने बिघडतं काय? जनुक चालू म्हणजे त्यावरून आरएनए ही नक्कल उतरवली जाणं. ती उतरवून घेताना डीएनएचे दोन धागे त्या जागी सुटे होतात. एकावरून आरएनए तयार होतो, दुसरा उघडा पडतो. उघड्या धाग्यातल्या सायटोसीनचा अमिनो गट गळून त्याचं युरॅसिल होणं, जोडीत असताना होतं त्यापेक्षा कितीतरी सोपं. कधी ताजा आरएनए सुटण्याऐवजी मूळ धाग्यालाच चिकटून बसतो, की दुसरा धागा आणखी वेळ उघडा. शिवाय वाचणारं यंत्र पुढे सरकतं तसा पुढच्या डीएनएला पीळ पडत जातो. तो सोडवायला टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापतं, पीळ उतरवतं, पुन्हा जोडतं. जोमाने चालणाऱ्या जनुकांत डीएनएची दोन ते पाच अक्षरं गळाल्याचे जे नमुने यीस्टमध्ये सापडतात, त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांत याच विकराचा हात निघाला. निस्तरायला आलेल्यानेच घोळ घातला म्हणायचं!

आपल्या लेखात दुसरी बाजू मात्र आलीच नाही. द्वारका चौकासारख्या वर्दळीच्या रस्त्यावर झीज जास्त, पण डागडुजीही तिथेच आधी व्हावी, तसं पेशीत खरोखर होतं (शहराबाबत मी हमी देत नाही). अतिनील किरणांनी झालेल्या इजेपाशी आरएनए बनवणारं यंत्र अडकलं, की तेच दुरुस्ती पथकाला बोलावणं धाडतं. त्यामुळे चालू जनुकाचा वाचला जाणारा धागा लवकर दुरुस्त होतो. यीस्टमध्ये हे काम करणारं एक प्रथिन म्हणजे रॅड-२६. माणसातल्या त्याच्या समकक्ष जनुकात दोष असला तर कॉकेन (Cockayne) सिंड्रोम हा आजार होतो. ‘जनुक वापरलं की झिजतं’ एवढंच सांगून थांबणं म्हणूनच बरोबर नाही.

आता तांब्याकडे येतो, कारण घोटाळा तिथेच झाला आहे. यीस्टमध्ये ‘कप-१’ नावाचं जनुक तांबं बांधून ठेवणारं प्रथिन बनवतं. त्याच्या प्रती गुणसूत्रावर एकापुढे एक ओळीने असतात. तांबं आलं की हे जनुक चालू होतं, आणि मग त्या ओळीतल्या प्रतींची संख्या बदलण्याचा वेग वाढतो. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम संस्थेतल्या गटाने हे २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. पण काही पेशींत प्रती वाढतात, तशा काहींत कमीही होतात. गरज ओळखून बदल होत असता तर कमी कशाला झाल्या असत्या? त्याच गटाने तांब्याऐवजी गॅलॅक्टोजवर चालणारी कळ बसवली, तेव्हा गॅलॅक्टोजनेही प्रतींची संख्या हलली. म्हणजे कारण जनुकाचं चालू असणं, विषाची जाणीव नव्हे. पुढे ज्या पेशीकडे प्रती जास्त ती तांब्यात तगते आणि बाकीच्या मागे पडतात. डार्विनला यात धक्का कुठेच नाही.

आणि ज्यासाठी बोर्डो मारतात त्या द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचं काय? तो घडवणारा जीव यीस्टचा भाऊबंद सोडाच, खरी बुरशीसुद्धा नाही. तांबं त्याच्यावर एकाच जागी नव्हे, अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून तांब्याला दाद न देण्याचा धोका कमी मानला जातो. खरी धास्ती स्ट्रोबिल्युरिन गटातल्या औषधांची, जिथे एका अक्षराच्या बदलाने औषध निकामी होतं. मोरचूद-चुन्याच्या पिंपात विळ्याचं पातं बुडवून, त्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला हे ओळखणाऱ्या बागायतदाराला एवढा फरक सहज समजेल. त्याला अर्धवट सांगून घाबरवू नये.

एक सूचनाही करतो. येत्या फेब्रुवारीत इथल्या महाविद्यालयांनी बोर्डो मारलेल्या आणि न मारलेल्या बागांतली द्राक्षं आणावीत, त्यांच्या सालीवरचं यीस्ट वेगळं करून मोरचुदाच्या चढत्या मात्रेच्या प्लेटवर वाढवावं. सालीवर ‘सॅकरोमायसीस’ (वरच्या प्रयोगांतलं यीस्ट) थोडंच मिळेल, इतर जातीच जास्त, आणि यातून कळेल ती सहनशक्ती. ती कशी आली ते कळणार नाही. पण दहावीला प्रतिलेखन (जनुकावरून आरएनए उतरवणं) आणि उत्परिवर्तन एकाच धड्यात शिकून दोहोंचा संबंध कधीच न ऐकलेल्या मुलांना प्रश्न तरी पडतील.

तूर्त विनंती एवढीच, की खुलासा त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक टायपात छापावा, आणि तोही येत्या रविवारी. छाटण्या उरकल्यावर छापून उपयोग नाही.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक
गंगापूर रोड, नाशिक