मॅडम, तो पट्टा अजून तसाच ठेवलाय

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

तुमची बदली झाल्याचं तुमच्याच माती तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांकडून कळलं. निरोप समारंभाला आम्हा ऊसवाल्यांना कोण बोलावतंय, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. कागल तालुक्यातल्या ज्यांनी ज्यांनी मातीची पिशवी घेऊन तुमच्या टेबलापुढं उभं राहून बोलणी खाल्लीत, ते ओळखतीलच.

आभार कशाचे, ते आधी सांगतो. खताची चिठ्ठी काय, कुणीही लिहून देतं. दुकानदार देतो, कंपनीचा पोरगा बांधावर येऊन देतो, मोबाईल तर रोज देतो. तुम्ही मातीचा अहवाल हातात दिलात आणि म्हणालात, "पाला जाळू नका, मशागत कमी करून बघा, पण सगळं रान एकदम बदलू नका. काही सऱ्या आजवर करताय तशाच ठेवा. नाहीतर फरक कशानं पडला, ते तुम्हाला कळणारच नाही." घरात औषध आलंय आणि डॉक्टर म्हणतोय निम्म्या घरालाच द्या, तसं ते मला वाटलं. पण तुम्ही ऐकेना, म्हणून मी ऐकलं.

वाचणाऱ्या शहरातल्या मंडळींसाठी आमच्याकडची रीत थोडक्यात सांगतो. ऊस कारखान्याला गेला, वाडं म्हणजे हिरवे शेंडे जनावरांना गेले, की राहिलेला पाला पेटवायचा. खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, ठेवायचा असला तर सरीच्या दोन्ही बगला नांगरानं फोडायच्या. मोडायचा असला तर पलटी नांगर, मग ढेकूळ उरणार नाही इतका रोटर, मग सरी. माती बारीक झाली की शेजारी बांधावर थांबून म्हणतो, "झ्याक रान केलंय." त्यानंतर युरियाची पोती. अडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तुटणाऱ्या उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजन), १७० स्फुरद आणि १७० पालाश अशी आहे. त्यातलं नत्र चार हप्त्यांत द्यायचं: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, त्यानंतर काही आठवड्यांनी १०, आणि बुडाला माती चढवताना, म्हणजे मोठ्या भरणीला, राहिलेलं ४०. आमच्याकडं हप्ता ठरतो तो सोसायटीत खत कधी उतरलं त्यावर.

तुम्ही अहवालावर बोलायच्या आधी काचेचे दोन ग्लास मागवलेत, ते आठवतंय? बांधावरच्या गवताखालचं एक ढेकूळ आणि रानातलं एक, दोन्ही पाण्यात सोडलीत. रानातलं बघता बघता विरघळलं आणि पाणी गढूळ झालं. बांधावरचं तसंच बसून राहिलं. माती एकच, अंतर हातभराचं. मुळं, बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकटा यांनी मातीचे कण एकत्र धरलेले असतात. रोटर ते फोडतो, आत हवा जाते, आणि जो चिकटा होता तोच जिवाणू खाऊन टाकतात. मग पहिल्या वळवालाच वर पापडी धरते आणि पाणी मुरायचं सोडून सरीनं वाहतं. मी इतकी वर्षं पापडीला पावसाचा दोष म्हणत आलो होतो.

खड्डा काढायलाही तुम्हीच लावलंत, आणि तोही वापशावर, म्हणजे जास्तीचं पाणी निथरून गेल्यावर, ओल्या रानात नाही. वीतभर खाली गेल्यावर कुदळ वाजली. उसाची मुळं तिथपर्यंत सरळ उतरलेली आणि तिथून आडवी वळलेली. रोटरची पाती दरवर्षी त्याच खोलीवर फिरतात, त्यात भरल्या ट्रॉलीचं वजन ओल्या रानावरून जातं, त्यामुळं वर भुसभुशीत आणि खाली दडपलेलं असं रान तयार होतं. पाणी त्या थरावर तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही, पात पिवळी पडते आणि आपण म्हणतो युरिया कमी पडला. आणखी एक पोतं जातं. ते खत त्या मुळांना घ्यायचंच कसं, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आणि तरीही "नांगर वाईट" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. उलट खोडवा मोडल्यावर, रान कोरडं असताना, एकदा सबसॉयलरनं, म्हणजे माती न उलटता खोल चिरणाऱ्या फाळानं, तो थर फोडा आणि मग नांगर शेडमध्ये ठेवा, असं सांगितलंत. हे मला फार पटलं. हल्ली शून्य मशागतीचा प्रचार करणारे काही जण नांगराला शिव्या घालूनच सुरुवात करतात. आपल्या कोल्हापुरात प्रतापराव चिपळूणकरांनी वर्षानुवर्षं बिननांगरणीची शेती स्वतः करून, त्यामागचं जिवाणूंचं शास्त्र समजून घेऊन लिहिलं, ती गोष्ट वेगळी. पण त्यातलं एकच वाक्य उचलून व्हिडिओ करणाऱ्यांना लव्हाळा आणि हराळी ही चिवट तणं कधी भेटलेली दिसत नाहीत.

आता पट्ट्यांचं सांगतो. खोडव्यात तीन पट्टे पाडले. पहिल्यात जुनी रीत: पाला पेटवला, बगला फोडल्या, युरिया हातानं फेकला. दुसऱ्यात बगला फोडल्या नाहीत, पण पालाही ठेवला नाही, तो शेजाऱ्याच्या गोठ्यात गेला. तिसऱ्यात बुडखे जमिनीलगत छाटले, पाला सरीत पसरला, त्यावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले. मूळ खत पहारीनं भोक पाडून बुडख्यापासून वीतभर अंतरावर गाडलं, पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत, दुसरा सव्वाचार-साडेचार महिन्यांनी. पाल्यावर युरिया का टाकायचा, हेही तुम्ही समजावलंत. पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं, टनाला जेमतेम चार-पाच किलो. तो कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि आपण दिलं नाही तर ते उसाच्या तोंडचं काढून घेतात. आणि उसाचं मुख्य खत पाल्यावर उघडं फेकलं तर त्यातला बराच युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. पहारीनं खत देताना बायका वैतागल्या, मजुरी वाढली, ते खरं. पण खत जिथं पाहिजे तिथं गेलं.

तोडणीला खरी कसरत झाली. कारखान्याचा काटा ट्रॉलीचं वजन करतो, सऱ्यांचं नाही. तिन्ही पट्ट्यांचा ऊस वेगळा भरायचा म्हणजे टोळीच्या मुकादमाला विनवणी. "असा तुकड्या-तुकड्यानं ऊस घालवणारा मालक पहिल्यांदाच बघितला," असं तो म्हणाला आणि चहापाण्याचे जास्त पैसे घेऊन गेला. पण वजनं मिळाली आणि आमच्या सौ.नं ती वहीत उतरवली. ती वही तुमच्यामुळंच सुरू झाली. प्रयोगशाळेत तुम्ही अर्धं बोलणं माझ्याशी आणि अर्धं तिच्याशी केलंत. आमच्या भागात खताचा हिशोब बाईला विचारायची पद्धत नाही, जरी तो बऱ्याच घरांत तीच ठेवते.

सगळ्यात मागं पडला तो मधला पट्टा: नांगर नाही आणि पालाही नाही. उघडी माती उन्हानं टणक झाली, तण मात्र जोरात. जुन्या रीतीचा आणि पाल्याचा पट्टा पहिल्या वर्षी जवळपास सारखेच उतरले, जुना कणभर वरच. मी जरा हिरमुसलो. तेव्हा तुम्ही २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलंत. ६३ देशांतल्या ४८ पिकांवरच्या ६१० अभ्यासांची ती गोळाबेरीज होती. नुसती नांगरणी थांबवली तर सरासरी उत्पादन घटतं. पिकाचे अवशेष रानात ठेवले आणि पिकांची फेरपालटही केली तर ती घट बरीच भरून निघते, आणि कोरड्या भागात पावसावरच्या पिकांत उत्पादन वाढूही शकतं. म्हणजे माझा मधला पट्टा जगभर कुठं ना कुठं कुणीतरी करून बसलंय! बरं वाटलं.

सेंद्रिय कर्बाचा आकडा वर्षभरात हलला नाही, म्हणूनही मी तुमच्याकडं तक्रार घेऊन आलो होतो. तुम्ही कागदावर गणित मांडलंत. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर त्यात ९०० किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. पाला हेक्टरी ८ ते १० टन, म्हणजे एकरी तीन-चार टन. त्यात कर्ब चाळीस टक्क्यांच्या आसपास धरला तरी कुजताना बहुतेक भाग वायू होऊन निघून जातो, थोडाच मातीत राहतो. मग हे वर्षाचं काम नाहीच. "पण पेटवलात तर तो थोडाही राहणार नाही, आणि नत्रही धुरात जाईल," हे तुमचं पुढचं वाक्य. तेव्हापासून आमच्या रानात काडी ओढलेली नाही, एका पट्ट्यापुरती सोडून. तो पट्टा तुलनेसाठी जाळावा लागतो, आणि गावातली पोरं हसतात की एवढं ज्ञान शिकून हा अजून पाला पेटवतोय.

खोडव्यानंतर सोयाबीन. जुन्या पट्ट्यात नांगरून पेरलं, बाकी रानात बुडखे मारून, जुन्या सरीच्या वरंब्यावरच टोकलं. इथं तण बोकाळलं, तणनाशकाचा खर्च वाढला, आणि माझ्या मते हाच या पद्धतीचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. उगवण मात्र चांगली झाली, कारण पाल्याखाली ओल टिकून होती. आमच्याकडं पक्की समजूत अशी की सोयाबीन केलं म्हणजे पुढच्या उसाला नत्र अर्धं पुरतं. तुम्ही तीही मोडलीत. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, म्हणजे १० क्विंटल सोयाबीन विकलं की ६० किलोच्या वर नत्र बाजार समितीत गेलं. रानात राहतो तो गळलेला पाला आणि मुळं. फायदा आहे, पण तो अर्ध्या पोत्यांचा नाही. नत्रासाठीच पीक घ्यायचं तर ताग घ्या, त्यातलं काही विकायचं नसतं. फेरपालटीचा खरा लाभ मला दुसरीकडं दिसला. उसानंतर ऊस लावलेल्या शेजारच्या रानात मुळं खाणारी हुमणी अळी आली तशी इकडं आली नाही, आणि सोयाबीनची मुळं गेलेल्या वाटेनं पुढच्या लागणीची मुळं खाली उतरली. खड्डा काढून बघितलंय.

तुमच्याकडून शिकलेली एक गोष्ट मी पाहुण्यांवर लादायला गेलो आणि तुम्ही वेळेत अडवलंत, त्याचे आभार वेगळे. आजऱ्याकडं मेहुण्याचं तांबडं, जांभ्याचं रान आहे. मी त्याला माझीच खतांची यादी द्यायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, तिथं पावसानं चुना धुऊन गेलेला, माती मुळातच आंबट. तिथं वर्षानुवर्षं नुसतं नत्र टाकलं तर ती आणखी आंबट होते. हिमाचलातल्या पालमपूरला सत्तरच्या दशकापासून चाललेल्या मका-गव्हाच्या प्रयोगात नुसतं नत्र दिलेल्या वाफ्यांत शेवटी पीकच येईनासं झालं, असं तुम्ही सांगितलंत. तिथं आधी चुना आणि शेणखत, मग बाकीचं. आणि पूर्वेला शिरोळकडं उलटं. काळी खोल जमीन, वर्षानुवर्षांचं पाणी, वर आलेले क्षार. तिथं नांगर धरा की सोडा, आधी पाणी निघायला वाट पाहिजे. तिथल्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आली, ती त्या भागातल्या लोकांनी बघितलीत. एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हा, आणि आपल्याकडं खताच्या दुकानातली चिठ्ठी मात्र तिघांना एकच.

यंदा नव्या लागणीत पाल्याच्या पट्ट्याला मी नत्र शिफारशीपेक्षा कमी दिलं नाही, जास्तही दिलं नाही. एवढंच केलं की चार हप्ते खरोखर चार हप्त्यांत दिले. इरिगेशनची पाळी लांबली तेव्हा जुन्या पट्ट्यातली पात दुपारी सुकून वळत होती, पाल्याच्या पट्ट्यातली उभी होती. टनेज काय येतंय ते तोडणीला कळेल, आत्ताच मिरवत नाही. डिझेलचा खर्च मात्र वहीत स्पष्ट दिसतोय, त्याला तोडणीची वाट बघावी लागत नाही.

नव्या ठिकाणी तुमच्या टेबलापुढं उभी राहणारी मंडळी कशी असतील कुणास ठाऊक. पिशवीवर गट नंबर न घालता, बांधालगतची माती घेऊन येणाऱ्यांना तुम्ही परत पाठवाल आणि ती चिडतील. त्यांना माझा फोन नंबर द्या, मी समजावतो.

दिवाळीनंतर आमचं गुऱ्हाळ लागेल. गुळाचा पाच किलोचा एक रवा (ढेप) तुमच्या नव्या पत्त्यावर येईल, नको म्हणू नका.

आपला,
कागल तालुक्यातला एक ऊस उत्पादक

ता. क. — या लागणीचा खोडवा निघून सोयाबीन झाल्यावर रब्बीला गहू घ्यावा की हरभरा, यावर घरात दोन तट आहेत. सौ. हरभऱ्याच्या बाजूची आहे, मी गव्हाच्या. मातीचे नमुने वरच्या आणि खालच्या थराचे वेगळे काढून, सावलीत वाळवून ठेवलेत. कुठल्या पत्त्यावर पाठवू, तेवढं कळवा.