एफआयआर म्हणजे निकाल नव्हे

मा. संपादक,

लहान मुलांचे अपहरण आणि खून यांसाठी दोषी ठरलेल्या गावित बहिणींच्या प्रकरणावर पॉडकास्ट येतच असतात आणि चाळीसहून अधिक बळींचा आकडा त्यात बिनदिक्कत ठोकून दिला जातो. खटला १३ मुलांच्या अपहरणाचा होता; सिद्ध झालेले खून त्याहून कमी. दयेच्या अर्जावरील विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप केली, हे तर अनेकदा गाळलेच जाते.

घोळ या पॉडकास्टच्या कच्च्या मालातच आहे. एफआयआर ही तक्रार, पुरावा नव्हे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग चालतो. निवेदक मात्र अख्खा जबाब नाटकी आवाजात वाचतो, वर पार्श्वसंगीत. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. नाव गाळून गल्ली आणि शाळा सांगितली, तरी ओळख पटतेच की!

श्रोतेही काही कमी नाहीत. जेवताना ऐकायचे आणि निर्दोष सुटलेल्याचा पत्ता कमेंटमध्ये हुडकायचा. निकालपत्रे न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण ती पडली रटाळ. निदान खटला क्रमांक आणि अपिलाची सद्यःस्थिती भागाच्या सुरुवातीलाच सांगावी.

– फौजदारी काम करणारे काही वकील, कोल्हापूर