पेट्रोल भरताना आधी गाडीवरून उतरा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी तोच मजकूर फिरू लागतो: टाकी फुल करू नका, अर्धीच भरा, नाहीतर गाडीचा स्फोट होईल. खाली इंडियन ऑइलचे नाव. हा मजकूर आपला नाही आणि वाहन उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कोणत्याही ऋतूत भरता येते, असा खुलासा त्या कंपनीने एकापेक्षा अधिक वेळा केला आहे. मजकूर तरी फिरतोच. तिकडे पंपावर मोबाइलवर लाल फुली मारलेला फलक असतो आणि त्याच मशिनवर यूपीआयचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. या सगळ्यात एक साधी गोष्ट कुणाच्याच बोलण्यात येत नाही. आपल्याकडे मोटारसायकलवाला गाडीवरून न उतरता, उघडी टाकी दोन मांड्यांमध्ये ठेवून पेट्रोल भरून घेतो. मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली, मधे किंवा पुढे टाकीवर मूल. पंपावरच्या दुचाकीच्या आगीत माणसे भाजतात त्याचे मुख्य कारण ही बसण्याची पद्धत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे कितीही थंडी असो, आपल्याकडे पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ सतत निघतच असते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच ती पेटते. टाकीच्या पोटात ती याहून कितीतरी दाट असते, म्हणून आत सहसा आग धरत नाही. टाकीचा बॉम्ब होतो तो सिनेमात. धोका आहे तो टाकीच्या तोंडाशी, जिथे ही दाट वाफ बाहेरच्या हवेत मिसळते. पाच लिटर पेट्रोल आत गेले की पाच लिटर वाफाळलेली हवा त्याच तोंडातून बाहेर येते. तिच्यात एक तृतीयांश वाफ धरली, तरी शंभर लिटरहून अधिक हवा पेटण्याजोगी व्हायला ती पुरते. ही वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही. टाकीवरून, मांडीवरून ओघळत इंजिनाकडे आणि जमिनीकडे जाते. म्हणूनच पंपाच्या आखणीत मशिनभोवती सुमारे सहा मीटरपर्यंत, जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंचीचा थर धोक्याचा धरतात. मोटारसायकलचा सायलेन्सर नेमका त्याच थरात असतो.

आता ठिणगी. पेट्रोलची वाफ पेटायला एका मिलिज्यूलच्या पाव भागाएवढी ऊर्जा पुरते. दाराच्या कडीला हात लावताच बोटाला जो चटका जेमतेम जाणवतो, त्या ठिणगीत याच्या दोन-तीन पट ऊर्जा असते. रेक्झिनच्या सीटवर पॉलिएस्टरची पँट किंवा साडी घासली गेली आणि माणूस सीटवरून उठला, की अंगावर स्थितिक वीज साठते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या कोरड्या हवेत ती लवकर निचरत नाही. कोकणात हा त्रास कमी. वीज साठते ती उठताना, बसून राहताना नव्हे, हे लक्षात घेतले की ‘उतरा’ एवढेच सांगून का भागत नाही ते कळेल. उतरायचे ते झाकण उघडण्याच्या आधी. स्टँड लावा, सगळे खाली उतरा आणि मगच किल्लीने झाकण उघडा. किल्ली कुलपात असताना हात धातूला लागलेला असतो, त्यामुळे अंगावरची वीज झाकण बंद असतानाच गाडीत जाते. याउलट, टाकी उघडी असताना मागच्याने पैसे द्यायला म्हणून मधेच उतरायचे आणि गाडीला हात टेकायचा, हा सगळ्यात वाईट क्रम. अमेरिकेतील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरील अशा आगींच्या नोंदी गोळा केल्या. स्थितिक विजेने लागलेल्या दीडशेहून अधिक आगी त्यात आहेत. मोबाइलमुळे लागल्याचे सिद्ध झालेली एकही नाही. भरताना मोटारीत पुन्हा जाऊन बसलेले आणि परत येऊन नोझलला हात लावलेले लोक त्या नोंदींत वारंवार भेटतात. याचा अर्थ पंपावर फोन काढा असा नाही. फोनवर बोलणाऱ्याचे टाकीकडे लक्ष नसते, आणि फोनचा टॉर्च लावून टाकीत डोकावणारे महाभागही आहेत. पण फलकावर एकच ओळ मावत असेल तर ती मोबाइलची नसावी.

नोझलबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सांडासांडीचे मूळ तिथे आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असते. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा आत ओढली जाते. टाकी भरत आली की पेट्रोल त्या भोकापर्यंत चढते, हवा तुटते आणि आतला पडदा खटका पाडून प्रवाह बंद करतो. मोटारीत नोझल पूर्ण आत जाते म्हणून हे काम चोख होते. मोटारसायकलच्या उथळ टाकीत नोझलचे टोक जेमतेम आत असते, अनेकदा कर्मचारी ते तोंडाच्या वर हवेतच धरतो. मग खटका पडतो तो पेट्रोल काठाला आल्यावर, किंवा पडतच नाही. सगळी भिस्त कर्मचाऱ्याच्या बोटांवर. आणि तेव्हा मालक काय पाहत असतो? ‘झीरो बघा’ म्हटल्यापासून त्याची मान मशिनच्या आकड्यांकडे वळलेली असते. आकडे बघावेतच, पण उतरून, टाकीच्या बाजूला उभे राहून दोन्ही दिसतात.

नोझल टाकीच्या धातूच्या काठाला टेकवून धरायला सांगा. नोझल होजमार्फत मशिनच्या अर्थिंगला जोडलेले असते, त्यामुळे टेकलेल्या नोझलमधून वीज निचरते. वरून धार सोडली तर पेट्रोल उसळते, वाफ जास्त होते आणि धारेबरोबर वीजही साठते. टाकीच्या तोंडातून आत डोकावले की एक गळा खाली उतरलेला दिसतो. पेट्रोल त्या गळ्याच्या खालच्या कडेपर्यंतच भरायचे, वरची जागा फुगण्यासाठी आहे. जमिनीखालच्या टाकीतून आलेले थंड पेट्रोल उन्हात १५ अंशांनी तापले तर दहा लिटरमागे साधारण दीडशे मिलिलिटरने वाढते. ‘राउंड फिगर करा’ म्हणून काठोकाठ भरून घेतले, की ही वाढ झाकणातून बाहेर येते. बऱ्याच मोटारसायकलींत झाकणाखालच्या खोबणीत एक छोटे भोक असते आणि तिथून एक बारीक नळी सांडलेले पेट्रोल इंजिनाला टाळून खाली नेते. ते भोक धुळीने बुजले की पेट्रोल टाकीवरून सरळ सीटवर आणि इंजिनाच्या सिलिंडरवरच्या फिन्सवर उतरते. सर्व्हिसिंगला गाडी टाकताना मेकॅनिकला हे भोक तारेने मोकळे करायला सांगा. जुन्या गाडीची पेट्रोल कॉकखालची रबरी नळीही वाकवून पाहा. चिरा दिसल्या तर बदला. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये म्हटले आहे.

पेट्रोल सांडलेच तर जागेवर सेल्फ मारू नका. तापलेल्या सायलेन्सरपेक्षा ठिणगीची भीती मोठी आहे: स्टार्टरच्या रिलेत, आणि तडकलेल्या प्लग कॅपमधून सिलिंडरकडे उडी मारणारी. झाकण लावा, सांडलेले पुसा, गाडी ढकलत सहा-सात मीटर पुढे न्या आणि मग चालू करा. खरे तर सांडले नसले तरी हीच सवय बरी. रांगेतही तेच. संध्याकाळी पंपावर पाहा, एकाच्या टाकीत पेट्रोल पडत असते आणि हातभर अंतरावर मागच्याचे इंजिन फुरफुरत असते. दोन पावलांसाठी इंजिन चालू ठेवण्यापेक्षा गाडी ढकला.

आग लागलीच तर पहिली दोन-तीन सेकंदे सगळे ठरवतात, आणि त्यात हमखास होणारी चूक म्हणजे नोझल झटक्यात बाहेर ओढणे. टाकीच्या तोंडाशी लागलेली आग सुरुवातीला छोटी असते. नोझल ओढले की पेटते पेट्रोल माणसावर, गाडीवर, जमिनीवर उडते. कर्मचाऱ्याने फक्त बोटांनी दाबलेला नोझलचा खटका सोडायचा, नोझल आहे तिथे राहू द्यायचे, मागे व्हायचे आणि लाल इमर्जन्सी स्विच दाबायचा. गाडीवर माणूस बसलेला असेल तर हे जमत नाही, कारण तो घाबरून उडी मारतो, गाडी आडवी पडते आणि टाकीतले सगळे पेट्रोल बाहेर येते. स्टँडवर उभी असलेली, मोकळी गाडी जळाली तरी आग तिच्यापुरतीच राहते. पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आगीसकट पसरते. आग विझवण्याचा, ड्राय केमिकल पावडरचा ९ किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, म्हणून पिन काढून, वारा पाठीशी घेऊन, दोन-तीन मीटरवरून ज्वाळांच्या बुडाशी मारायचा. वाळूच्या लाल बादल्यांबद्दल न लिहिलेले बरे. वाळू कोरडी आणि भुसभुशीत असावी लागते. अनेक ठिकाणी ती पावसाने घट्ट झालेली असते आणि वर गुटख्याच्या पुड्या. कपड्यांवर पेट्रोल पडले असेल तर आधी भरपूर पाणी ओतून ते भिजवा आणि मग कपडे काढा. कोरडे ओढून काढताना ठिणगी पडू शकते. कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजल्यावर वीस मिनिटे वाहते पाणी. टूथपेस्ट नको, हळद नको.

बाटलीतून पेट्रोल नेण्याबद्दल १९३४ चा पेट्रोलियम कायदा स्पष्ट आहे. विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना बाळगता येते, पण घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काच वा चिनी माती असेल तर एक लिटरपर्यंत, धातू असेल तर २५ लिटरपर्यंत. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली यात कुठेच बसत नाही. प्लास्टिकमधून वीज निचरत नाही, आणि त्यावर पत्र्याचे नरसाळे ठेवले तर ते आणखी वाईट: नरसाळ्यात वीज साठते, तिला जायला वाट नसते, आणि नोझल जवळ आले की ती त्यावर उडी मारते. फवारणी पंपासाठी किंवा गवत कापायच्या यंत्रासाठी पेट्रोल न्यायचे असेल तर धातूचा कॅन घ्या. तो गाडीच्या डिकीत किंवा टेम्पोच्या हौद्यात ठेवून भरू नका. जमिनीवर ठेवा, नोझल शेवटपर्यंत काठाला टेकलेले राहू द्या आणि धार बारीक ठेवा.

सीएनजीचे शास्त्र वेगळे आहे. तो हवेपेक्षा हलका असतो आणि भीती आगीइतकीच २०० बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट, दाबाची असते. पण तिथे सगळ्यांना गाडीतून उतरवल्याशिवाय नोझल जोडत नाहीत आणि लोक मुकाट्याने उतरतात. मोटारसायकलवाल्याला मात्र ‘उतरा’ म्हणायला कुणी धजावत नाही. रांग थांबते, गिऱ्हाईक चिडते.

सक्ती जमत नाही असे म्हणता येणार नाही. ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा राज्यात २०१६ मध्ये झाली होती, नाशिकमध्ये २०२१ मध्ये ती अमलातही आली. हेल्मेटचा पंपावरच्या सुरक्षेशी काही संबंध नाही, तरी ते काम पंपावरच्या मुलांच्या गळ्यात घातले गेले. मग ज्याचा थेट संबंध आहे ते का नाही? परवाने देणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. आमच्या मागण्या खर्चिक नाहीत. दुचाकीच्या प्रत्येक मशिनवर डोळ्यांच्या उंचीला मराठीत एक ओळ लावा: ‘सर्वांनी उतरा, मग झाकण उघडा’. खाली जमिनीवर, पेट्रोल भरण्याच्या जागेपासून सात मीटरवर पिवळी रेघ मारा. गाडी चालू करायची ती रेघेपलीकडे. क्यूआर कोडही मशिनवरून काढून त्या रेघेजवळ खांबावर लावा, म्हणजे फोनचा प्रश्न आपोआप मिटतो. आणि कंपन्यांच्या विक्री अधिकाऱ्यांनी तपासणीला आल्यावर मापाबरोबर एवढेही पाहावे की पाळीवरच्या सगळ्यात नव्या कर्मचाऱ्याला इमर्जन्सी स्विच कुठे आहे ते दाखवता येते का.

आपले,
पेट्रोलियम हाताळणीतील सुरक्षेचे काम करणारे काही अभियंते,
नागपूर