सोमवारी शाळेत येणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात हे पत्र कोणाला आहे ते न सांगताही कळेल.

माझी लेक नववीत आहे. दोन वर्षं मी तिला आळशी म्हणत आले. कापूस वेचायला नेली की दोन ओळींत दमून बांधावर बसायची. वर्गात शेवटचा बाक, मान खाली. पाळीच्या दिवसांत शाळा बंदच. एकदा भाकरी थापताना ती म्हणाली, "मम्मी, मी मठ्ठच आहे ना?" आणि मी "नाही" म्हणाले नाही. ते अजून टोचतं.

मग तुम्ही शाळेत रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, हवं किमान १२. तुम्ही मला बोलावलंत तेव्हा वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तुम्ही मात्र लेकीला जवळ घेतलंत. "आठे ये माय, काय व्हयनं?" असं आपल्या अहिराणीत विचारलंत आणि पोर घडाघडा बोलायला लागली. पाळीत किती जातं, दिवसातून किती पॅड लागतात, हे मला आईलाही माहीत नव्हतं.

दर सोमवारी शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ती भिंतीपलीकडे फेकत होती, हेही तेव्हाच कळलं. या गोळीने पुढे मूल होत नाही, असं पोरींमध्ये पसरलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. सगळ्या वर्गासमोर स्वतः एक गोळी गिळलीत. जेवल्यावर घ्या, वर चहा नको, लिंबू चालेल, शौचाला काळी झाली तर घाबरू नका, असं एकेक समजावलंत. अनवाणी शेतात गेल्याने तळव्यातून जंत शिरतात आणि आतड्यात रक्त पितात, हे तर मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्याच आठवड्यात तिला चपला घेतल्या. जंताची गोळी दिलीत, डॉक्टरांना दाखवलंत, तीन महिने रोज लोहाची गोळी चालली.

पालकसभेत तुम्ही सांगितलंत की २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्त कमी होतं. माझ्या शेजारी बसलेल्या दोघीजणी रडल्या. त्यांनीही आपल्या पोरींना आळशीच म्हटलं असणार.

फेब्रुवारीत ११.६ आलं. थोडं बाकी आहे, गोळ्या सुरू आहेत. ती आता दुसऱ्या बाकावर बसते. परवा सातवीच्या पोरींना पॅड कसा बदलायचा, कागदात गुंडाळून कुठे टाकायचा, हे तिने उभं राहून सांगितलं. बाईंनी मला फोन केला. त्या रात्री मी तिला म्हटलं, "तू मठ्ठ नव्हतीस गं, तुझ्या अंगात रक्त नव्हतं." ती काही बोलली नाही, माझ्या पदराला तोंड पुसत बसली.

थंडीत वांगी आली की भरीत आणि कळण्याची भाकरी करणार आहे. सोमवारी शाळेतून सुटलात की सरळ घरी जेवायला या.

तुमची,
नववीतल्या एका मुलीची आई